'क्वीन केली' : एका अपुऱ्या चित्रपटाची पुरी गोष्ट

मैत्रिणींनो, 'सनसेट बुलेवार्ड' नावाचा १९५० सालचा अमेरिकन चित्रपट तुमच्यापैकी काहीजणींनी पाहिला असेल. त्यातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. मूकपटांच्या जमान्यात गाजलेली आणि आता पन्नाशीला आलेली नॉर्मा डेस्मंड ही नटी आपल्या भल्यामोठ्या, काळोख्या बंगल्यात स्वतःचाच जुना चित्रपट लावून बसलेली असते. पडद्यावर मेणबत्त्यांच्या उजेडात एका कोवळ्या मुलीचा चेहरा दिसतो. पाहता पाहता नॉर्मा ताडकन उठते आणि प्रोजेक्टरच्या झोतात उभी राहते. प्रोजेक्टर चालवत असतो तिचा म्हातारा नोकर, मॅक्स. हा नोकर एके काळचा तिचा दिग्दर्शक, आणि पहिला नवरासुद्धा, हे पुढं कळतं.

मला आधी वाटलं, हा पडद्यावरचा जुना चित्रपट त्या प्रसंगापुरता मुद्दाम तयार केला असणार. पण नाही हो! ती मेणबत्त्यांच्या उजेडातली मुलगी म्हणजे ग्लोरिया स्वान्सन. नॉर्माचं काम करणारी नटीही तीच, मधे वीस वर्षं गेलेली. आणि मॅक्स झालेले एरिक फॉन स्ट्रोहाइम हे त्या जुन्या चित्रपटाचे खरोखरचे दिग्दर्शक. खऱ्या आयुष्यात तो चित्रपट अर्ध्यावर थांबला, स्ट्रोहाइमना काढून टाकण्यात आलं, आणि ते घडलं स्वान्सनबाईंच्या एका टेलिफोनमुळं. वीस वर्षांनी दोघं एकाच खोलीत, त्याच चित्रपटाची रिळं पाहताहेत, आणि भोवती कॅमेरे लावलेत! म्हणतात की ती रिळं वापरायची कल्पना स्वतः स्ट्रोहाइमचीच.

त्या चित्रपटाचं नाव 'क्वीन केली'. कथा प्रेमाची आहे. पण खरं सांगू का, मला त्या प्रेमकथेपेक्षा तिच्यामागच्या हिशेबाच्या वहीतच जास्त रस वाटला. तुम्हांलाही वाटेल.

ग्लोरियाचा जन्म १८९९ चा, शिकागोतला. विशीच्या आतच ती पडद्यावर आली आणि पंचविशीपर्यंत पॅरामाउंट कंपनीची सर्वांत मोठी तारका झाली. तिचे कपडे, तिचे दागिने, तिची केशरचना यांच्यावर मासिकांची पानंच्या पानं भरायची. १९२५ साली तिनं एका फ्रेंच उमरावाशी लग्न केलं (हे तिचं तिसरं). पॅरामाउंटनं तिला वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत देऊ केले, पण बाईनं नकार दिला. का? तर तिला नोकरी नको होती, स्वतःचं दुकान हवं होतं. चॅप्लिन, मेरी पिकफोर्ड, फेअरबँक्स, ग्रिफिथ यांनी १९१९ मध्ये काढलेल्या युनायटेड आर्टिस्ट्स या संस्थेत ती शिरली आणि स्वतःच निर्माती झाली. वय वर्षं सत्तावीस!

पण निर्मातीला अभिनयाखेरीज बेरीज-वजाबाकीही करावी लागते. 'सेडी थॉम्पसन' या चित्रपटात तिचं काम उत्तम झालं, पुढं त्यासाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं, पण तो पुरा होईस्तोवर तिच्या नाकी नऊ आले. कर्ज झालं. घर चालवायची तिची पद्धतही राजेशाही. १९२७ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिला सल्ला द्यायला एक गृहस्थ जेवायला आले. नाव जोसेफ केनेडी. हो, तेच. पुढं अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचे वडील. बँकेच्या आणि शेअरबाजाराच्या धंद्यातून सिनेमात आलेले, हिशेबाला अतिशय पक्के. त्यांनी तिचे कागद चाळले आणि सगळी व्यवस्था आपल्या हाती घेतली. जुनी कंपनी बंद, नवी कंपनी सुरू, तिचं नाव 'ग्लोरिया प्रॉडक्शन्स'. तिच्या वतीनं सह्या करायचा अधिकार केनेडींच्या माणसांकडे गेला. लवकरच दोघांमधलं नातं नुसतं व्यवहाराचं राहिलं नाही. तिच्या उमराव नवऱ्याला केनेडींनी पॅरिसमध्ये चांगली नोकरी लावून दिली. त्याचा अर्थ काय, तो तुमचा तुम्ही लावा. स्वतः केनेडींना घरी बायको आणि आठ मुलं होती. हे सगळं ग्लोरियानं १९८० साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, 'स्वान्सन ऑन स्वान्सन' या आत्मचरित्रात लिहिलं. त्यात ती स्वतःलाही फारसं सोडत नाही, म्हणून मला ते आवडलं.

'डोळे झाकून सह्या केल्या कशा या बाईनं?' असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले असते. पण मला माझीच एक सही आठवली. लग्नाला चारेक वर्षं झाली असतील. घरातल्याच एका वडीलधाऱ्या माणसानं माझ्यापुढं कागद ठेवले. 'इथं, इथं आणि इथं,' म्हणाले. पेन्सिलनं बारीक फुल्या केलेल्या होत्या. गॅसवर दूध होतं. मी केल्या सह्या. दोन वर्षांनी माझ्या नावाचं पत्र आलं तेव्हा कळलं की मी कुणाच्या तरी कर्जाला जामीन आहे. मी बी.ए. झालेली. शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना 'धडा नीट वाचून मग उत्तर लिहा' म्हणून रोज ओरडणारी! ते कर्ज फिटलं, फार काही बिघडलं नाही, पण त्या दिवसापासून दूध उतू गेलं तरी चालेल, मी कागद वाचते. तेव्हा ग्लोरियाला हसायचा हक्क निदान मला नाही.

आता स्ट्रोहाइम. केनेडींना नुसता चित्रपट नको होता, जगानं दिपून जावं असा चित्रपट हवा होता. म्हणून त्यांनी नेमका हाच दिग्दर्शक निवडला. ग्लोरियाला धाकधूक होती, कारण स्ट्रोहाइमची कीर्ती तिला ठाऊक होती. हा व्हिएन्नाचा माणूस आपण खानदानी सरदार घराण्यातले आणि लष्करातले अधिकारी असल्याचं सांगायचा. वडील खरं म्हणजे टोप्या बनवणारे. पण पडद्यावर राजवाडा उभारावा तर यानंच. 'फूलिश वाइव्ह्ज' (१९२२) साठी त्यानं स्टुडिओच्या आवारात माँटे कार्लोचा चौक उभा केला आणि इतका खर्च केला की जाहिरातीत त्याच्या आडनावातल्या पहिल्या इंग्रजी अक्षराच्या जागी डॉलरचं चिन्ह छापायला लागले. 'मेरी-गो-राउंड' मधून त्याला मध्येच काढलं. 'ग्रीड' तर त्यानं आठ तासांहून मोठा केला होता. मालकांनी तो कापून कापून दोन-सव्वादोन तासांवर आणला. अशा माणसाच्या हाती पैशाची पिशवी दिल्यावर काय होणार, हे कुणीही सांगितलं असतं. पण प्रत्येक पैसेवाल्याला वाटतं, मी याला बरोब्बर आवरीन.

कथा थोडक्यात सांगते. युरोपातलं एक काल्पनिक राज्य. तिथली राणी रेजिना लहरी, विक्षिप्त, मत्सरी. तिचं लग्न प्रिन्स वुल्फ्रामशी ठरलंय, पण तो रंगेल. शिक्षा म्हणून राणी त्याला घोडदळाच्या कवायतीला पाठवते. वाटेत जोगिणींच्या मठातल्या मुलींची रांग भेटते. त्यात पॅट्रिशिया केली नावाची अनाथ मुलगी असते. राजपुत्राकडे पाहून ती लवून नमस्कार करते आणि तेवढ्यात, काय सांगू, तिच्या आतल्या विजारीची नाडी सुटून ती पायाशी गळून पडते. राजपुत्र आणि त्याचे शिपाई खो खो हसतात. दुसरी एखादी रडली असती. ही चिडून तो कपडा गोळा करून थेट त्याच्या तोंडावर भिरकावते! झालं, तो प्रेमात पडतो. रात्री मठात खोटी आग लावून तो तिला उचलून राजवाड्यात आणतो. मेजवानी, मेणबत्त्या, शपथा. इतक्यात राणी येते, आणि हातात चाबूक घेऊन त्या मुलीला जिन्यावरून फटकावत हाकलून लावते. राणीचं काम सीना ओवेन या नटीनं केलंय. तो जिना, तो चाबूक आणि बाजूला हसत उभे असलेले पहारेकरी, हा प्रसंग मूकपटातला असूनही मला चाबकाचा आवाज ऐकू आला.

एकोणतीस वर्षांची, दोन मुलांची आई असलेली ग्लोरिया यात मठातली पोर झालीय, आणि ते कुठंही खोटं वाटत नाही. नाडीच्या प्रसंगात तर नाहीच.

पण हा झाला कथेचा नुसता पहिला भाग. मूळ कथेचं नाव होतं 'द स्वॉम्प', म्हणजे दलदल. केली नदीत उडी घेते, वाचते, आणि मग तिला तार येते की आफ्रिकेत दार-एस-सलामला तिची मावशी मरायला टेकलीय. ती जाते. या मावशीच्या पैशावर ती शिकलेली असते, आणि तो पैसा कुठून यायचा ते तिला तिथं कळतं. मावशीचा धंदा बायकांचा असतो. मरणाऱ्या मावशीच्या अंथरुणाशी केलीचं लग्न एका कुबड्या घेऊन चालणाऱ्या, किळसवाण्या म्हाताऱ्या मळेवाल्याशी लावलं जातं. पुढं ती मावशीच्या जागेची मालकीण होते आणि तिथले लोक तिला 'क्वीन केली' म्हणू लागतात. म्हणजे बघा, ही राणी राजवाड्यातली नव्हेच. शेवटी राजपुत्र तिला शोधत येतो, राणीचा खून होतो आणि केली खरीखुरी राणी होते, अशी सगळी आखणी होती.

१ नोव्हेंबर १९२८ ला चित्रण सुरू झालं. स्ट्रोहाइमचा हट्ट असा की दृश्यं कथेच्या क्रमानंच घ्यायची आणि मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा घ्यायची. दिवस गेले, रात्री गेल्या, डिसेंबर गेला. ग्लोरियाचं म्हणणं असं की मंजूर झालेल्या कथेत आफ्रिकेतली जागा ही नाचगाण्याची जागा होती, आणि स्ट्रोहाइम मात्र उघड उघड कुंटणखाना चित्रित करत होता. चित्रपटांच्या सोवळ्याओवळ्याची चौकशी करणारं हेज यांचं कार्यालय हे सोडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण 'सेडी थॉम्पसन'च्या वेळी ती या अग्निपरीक्षेतून गेलेली होती. मग १९२९ च्या जानेवारीत त्या लग्नाचा प्रसंग आला. मळेवाला नवरीच्या बोटात अंगठी घालतो. स्ट्रोहाइमनं त्या नटाला, टली मार्शलला, बारकाईनं समजावून सांगितलं की तंबाखूचा लाळेरा रस तिच्या हातावर कसा गळला पाहिजे. ग्लोरिया लिहिते की तिच्या पोटात ढवळून आलं. ती उठली, आपल्या खोलीत गेली आणि केनेडींना फोन लावला : इथं एक वेडा माणूस चित्रपट काढतोय, ताबडतोब काहीतरी करा. चित्रण थांबलं. स्ट्रोहाइमची हकालपट्टी झाली. तोवर सुमारे आठ लाख डॉलर खर्च झाले होते आणि चित्रपट एक तृतीयांशाच्या आसपास पुरा झाला होता.

ही तंबाखूची गोष्ट सगळेच सांगतात, कारण ती चटकदार आहे. पण मला वाटतं, खरा घाव दुसरीकडून बसला होता. १९२७ च्या ऑक्टोबरात 'द जाझ सिंगर' आला आणि पडदा बोलू लागला. (आपल्याकडे 'आलम आरा' यायला १९३१ चा मार्च उजाडावा लागला.) १९२९ उजाडेपर्यंत अमेरिकेत गावोगावची थिएटरं ध्वनियंत्रं बसवायला लागली होती. पाच-पाच तास लांबीचा मूकपट पुरा झाला असता तरी पाहिला कुणी असता? ज्या गिऱ्हाइकासाठी जरीचा शालू विणायला घेतला, ते गिऱ्हाईकच अर्ध्यावर निघून गेलं. तंबाखूचा थेंब निमित्त झाला. स्ट्रोहाइमचं चुकलं हे खरं, पण त्याला निवडणाऱ्यांचंही तेवढंच चुकलं. कथा ग्लोरियानं आधी वाचलेली होती.

केनेडींचं काय झालं? ग्लोरियानं लिहिलंय की ते डोकं धरून बसले. आयुष्यात अपयश माहीत नसलेला माणूस! मग शिवणकाम सुरू झालं. एकामागून एक दिग्दर्शक बोलावले, गाणी घालता येतील का, बोलकी दृश्यं जोडता येतील का, शेवट बदलता येईल का, सगळं झालं. ठिगळ कुठंच बसेना. त्यांतल्याच एका एडमंड गोल्डिंगनं मग शहाणपणा केला. त्यानं हे बाजूला ठेवून नवाच बोलपट काढला, 'द ट्रेसपासर'. तो काही आठवड्यांतच तयार झाला, ग्लोरिया त्यात बोलली, गायली, आणि १९२९ मध्ये तो तुफान चालला. तिला दुसरं ऑस्कर नामांकन मिळालं. मूकपटातल्या कितीतरी नट्यांचं दुकान बोलपटानं बंद केलं, हिचं त्यानं वाचवलं.

आता ती वहीची गोष्ट. पुढचा चित्रपट होता 'व्हॉट अ विडो!' (१९३०). हे नाव सुचवलं सिडनी हॉवर्ड या नाटककारानं. केनेडी इतके खूश झाले की त्याला बक्षीस म्हणून कॅडिलॅक गाडी देऊन टाकली. काय हा दिलदारपणा! काही दिवसांनी ग्लोरियाला हिशेबात ती गाडी सापडली, तिच्याच खात्यावर. तिनं केनेडींना विचारलं, बाबा रे, बक्षीस तू दिलंस, पैसे माझे का? केनेडी काही न बोलता निघून गेले. नातं तिथं संपलं आणि भागीदारीही. मग तिनं स्वतःचा हिशेबनीस लावून मागच्या नोंदी तपासल्या. तिच्यासाठी स्टुडिओच्या आवारात बांधलेला टुमदार बंगला, केसाळ कातड्याचा उंची कोट, ही केनेडींनी 'दिलेली' प्रेमाची भेट. आणि पैसे? ग्लोरिया प्रॉडक्शन्सचे. 'क्वीन केली'चा बोजाही तिच्याच कंपनीवर.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले. बायकोला साडी आणायची आणि पैसे घरखर्चातून वळते करायचे, हा प्रकार अमेरिकेतही चालतो तर!

आणि पुन्हा असंही वाटतं की ग्लोरियाला नुसती बिचारी म्हणून चालणार नाही. ती अर्धवट रिळं तिनं टाकून दिली नाहीत. १९३१ च्या नोव्हेंबरात तिनं स्वतः एक छोटासा शेवट चित्रित करून घेतला. कॅमेऱ्यावर होता ग्रेग टोलंड, ज्यानं दहा वर्षांनी 'सिटिझन केन'चं छायाचित्रण केलं. या शेवटात आफ्रिका नाहीच. केली नदीत उडी घेऊन मरते आणि राजपुत्र तिच्या शवापाशी स्वतःचाही अंत करून घेतो. अशा रीतीनं 'क्वीन केली' युरोपात १९३२ मध्ये पडद्यावर आला. अमेरिकेत मात्र स्ट्रोहाइमच्या हयातीत तो रीतसर प्रदर्शित झाला नाही. ज्या शेवटाला त्यानं हात लावला नव्हता, तो त्यानं आपला मानला नाही.

स्ट्रोहाइमच्या हाती पुढं फारसं दिग्दर्शन आलं नाही. तो नट म्हणून जगला, १९३७ च्या 'ग्रँड इल्युजन' मध्ये फारच छान. 'सनसेट बुलेवार्ड'मध्ये तो बाईसाहेबांची मोटार चालवतो, पण त्याला गाडी चालवताच येत नव्हती! गाडी दोरांनी ओढून न्यावी लागली. तो १९५७ मध्ये फ्रान्समध्ये वारला. ग्लोरियानं मधल्या काळात काय काय नाही केलं? १९३९ च्या सुमारास तिनं शोधांची पेटंटं घेणारी एक कंपनी काढली आणि त्या निमित्तानं युरोपातल्या काही ज्यू शास्त्रज्ञांना नाझींच्या तावडीतून बाहेर काढलं. नंतर तयार कपड्यांचा धंदा केला. आणि साखर म्हणजे विष असं सांगत ती उतारवयात गावोगाव हिंडली (याच अंकात पुढं पाकातल्या पुऱ्या असतील तर संपादकांनी माफ करावं). १९८३ च्या एप्रिलमध्ये ती न्यूयॉर्कमध्ये वारली.

दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, डेनिस डोरोस या जाणकारानं उरलेली आफ्रिकेची रिळं, स्थिरचित्रं आणि मधली लिखित वाक्यं जोडून स्ट्रोहाइमच्या मनातला चित्रपट जमेल तितका उभा केला. त्यानंच पुन्हा नव्यानं केलेली आवृत्ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात नव्या संगीतासह दाखवली गेली.

तुम्ही पाहणार असाल तर आफ्रिकेचा भाग असलेली आवृत्तीच शोधा, आणि मुलं झोपल्यावर पाहा. पहिला तास राजवाड्याचा, डोळे दिपवणारा. मग एकदम ती कोंदट खोली येते. मरणाऱ्या मावशीची खाट, कडेला धंद्यातल्या बायका, कुबड्यांवरचा नवरा. नवरीला बुरखा नसतो, म्हणून खाटेवरची मच्छरदाणीच ओढून तिच्या डोक्यावर घालतात. ग्लोरियाचा चेहरा त्या जाळीमागं दिसतो, ओला झालेला. त्या वेळी ती दोन कंपन्यांमधून गेलेली, लाखोंचे कागद सही करून बसलेली निर्माती होती, हे आता आपल्याला माहीत आहे, आणि त्या जाळीमागं नेमकी कोण रडतेय ते मला काही केल्या ठरवता येत नाही.